काकींचा निळा

काकींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला काढून उभी होते. अंगात माझा सगळ्यात चांगला ड्रेस होता, पोपटी, आणि वर केशरी ओढणी. काकी हातातलं दोऱ्याचं रीळ छातीशी धरून दोन पावलं मागे सरकल्या.

"तिथंच थांब गो. तुझा ड्रेस माझ्या दोऱ्यावर पडतोय."

मी खाली बघितलं. ड्रेस माझ्या अंगावरच होता. तरी मी "चुकलं" म्हणाले. तेवढ्यात आतून सुनंदा आली. तिथे मशीन चालवणाऱ्या चार बायकांतली ती सगळ्यात जुनी. तिने माझ्या हातात राखाडी एप्रन दिला आणि हळूच सांगितलं, "ओढणी पिशवीत टाक. त्यांच्यासमोर रंगीत काही घालायचं नाही. रंगाचा उजेड दोऱ्यावर पडतो म्हणतात."

काकी स्वतः बारा महिने मळकट पांढऱ्या सुती साड्या नेसायच्या. हातात दोन काचेच्या बिनरंगी बांगड्या. कुंकूसुद्धा सकाळचं काम संपल्यावर लावायच्या. त्यांचे यजमान होते, व्यवस्थित होते, दासगावला शेत आणि म्हशी सांभाळत होते. बाजारातल्या बायका मात्र काकींचं कोरं कपाळ बघून दर वेळी दचकायच्या.

महाडच्या बाजारपेठेत एका बंद वखारीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं एम्ब्रॉयडरीचं काम चालायचं. जिन्याच्या भिंतीवर जुन्या पुराच्या पाण्याच्या रेघा होत्या, सगळ्यात वरची माझ्या डोक्याहून उंच. म्हणून मशीन वर. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या युनिफॉर्मचे खिसे आमच्याकडे यायचे, शिवायच्या आधीचे नुसते कापलेले तुकडे, आणि त्यांच्यावर आम्ही कंपनीचा लोगो भरून द्यायचो.

हे काम मशीनचं आहे असं मला वाटायचं. पोलादपूरच्या शिवणक्लासात मी तेवढंच शिकले होते. इथे आल्यावर कळलं की खरं काम मशीन सुरू व्हायच्या आधीच होऊन जातं. कंपनीचा निळा म्हणजे कुठलाही निळा नव्हे. फाटकावरच्या पाटीचा, ट्रकवरचा, पिंपावरचा, कागदांवरचा जो निळा, तोच कामगाराच्या छातीवर हवा. पण तो निळा असतो शाईत, आणि आम्हाला तो आणायचा असतो चमकणाऱ्या दोऱ्यात. दोरा बनवणाऱ्यांची शेड कार्डं असतात, त्यांत शेकडो रंगांचे बारीक झुबके. त्यातून नेमका एक उचलायचा. महाडात हे काकींइतकं कुणालाच जमत नसे, असं सगळे म्हणायचे. काकी स्वतः म्हणत नसत.

रंग बघायचा म्हणजे सकाळी दहा ते साडेअकरा, उत्तरेकडच्या गॅलरीत. ट्यूबलाइटखाली कधीच नाही. "आत जुळलेला रंग बाहेर भांडतो," असं त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. दोन रिळं खोलीत सारखी दिसायची आणि गॅलरीत नेली की एक हिरवट निघायचं. मोबाईलवर कुणी लोगोचा फोटो पाठवला तर काकी तो बघायच्याही नाहीत. बघण्याआधी दहा मिनिटं ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून बसायच्या, आणि त्या वेळात मशीन बंद, बोलणं बंद. आंब्याच्या दिवसात आंबा खायच्या नाहीत. पिवळा डोळ्यात उतरतो म्हणे. यावर आम्ही पाठीमागे हसायचो, पण फार नाही, कारण त्यांना पाठीमागचंही ऐकू यायचं.

रीळ मिळालं तरी काम संपत नसे. रिळावर दोरा गडद दिसतो, भरल्यावर उजळतो. म्हणून त्याच कापडाच्या तुकड्यावर बोटाएवढा चौकोन भरून बघायचा, तो आडवा धरायचा, उभा धरायचा, तिरका धरायचा. मग काकी आकडा सांगायच्या. रंगाचं नाव कधीच नाही.

"चारशे बारा. गाळ खाली बसल्यावर सावित्रीचं पाणी असतं ना, आमच्या दासगावला, ते."

समोरच्या घरातल्या बाईने एकदा ऐन सव्वादहाला लाल चादर वाळत घातली. काकी जिना उतरल्या, रस्ता ओलांडला, आणि तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. हात मागे बांधून नुसत्या चादरीकडे बघत राहिल्या. ती बाई दोनदा बाहेर आली, दोनदा आत गेली. तिसऱ्या वेळी तिने चादर काढली. गॅलरीतून बघताना मला त्या बाईची कीव आली, कारण माझ्याशीही काकी असंच वागायच्या. त्या ओरडत नसत. काम चुकलं तर लोगोचा तुकडा हातात घ्यायच्या, कात्रीने मधोमध कापायच्या आणि दोन्ही अर्धे तुमच्या मशीनवर ठेवून निघून जायच्या. काय चुकलं ते आपण शोधायचं. पहिल्या महिन्यात माझ्या मशीनवर असे नऊ जोड जमले. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की मी आधी मशीन थांबवायचे.

पण सोडून जाणं शक्य नव्हतं. आमचं घर पोलादपूरच्याही वर, डोंगरात, कुडपणला. आई एकटी, थोडी नाचणी, दोन शेळ्या. भाऊ मुंबईला, त्याच्या एका खोलीत पाच माणसं. काम सुटलं तर मला वर पठारावर परत जायचं होतं, आणि तिथे आत्याने माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. ते स्थळ मी एकदा पोलादपूरच्या स्टँडवर पाहिलं होतं. त्यापेक्षा कात्री बरी.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या रसायन कंपनीची मालकी बदलली. नाव तेच राहिलं, लोगो मात्र नवा आला. पांढऱ्या वर्तुळात निळी लाट. तो निळा फार अवघड होता. सरळ बघितला तर निळा, आणि नजर जरा हलवली की आत जांभळं काहीतरी हलायचं. सगळ्या कामगारांचे युनिफॉर्म बदलायचे होते आणि आमच्या मजल्याचं निम्मं काम याच कंपनीवर होतं.

त्या सकाळी ओला रुमाल काढल्यावर काकींनी मला हाक मारली.

"इकडं ये. माझ्यासमोर उभी राहा. अशी नाय, तोंड उजेडाकडं कर."

आधी कधीच त्यांनी रंग बघताना कुणाला जवळ उभं केलं नव्हतं. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. काकींनी कंपनीचं कार्ड डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने एक रीळ त्याच्या शेजारी आणलं आणि वर पाहिलं. माझ्याकडे. रीळ ठेवलं, दुसरं उचललं, परत माझ्याकडे. त्यांची नजर माझ्या कपाळावरून गळ्यापर्यंत सावकाश उतरायची आणि परत वर जायची. मी काय केलं होतं ते मला आठवेना. सात-आठ रिळांनंतर त्यांनी एक बाजूला काढलं आणि ते अगदी बरोबर होतं. मला आत कुठेतरी हायसं वाटलं. काकी लगेच म्हणाल्या, "हेच. भर."

त्यानंतर दर वेळी हेच झालं. नवा रंग आला की मी कठड्यापाशी, तोंड उजेडाकडे, आणि त्या माझ्याकडे टक लावून. सहा-सात महिने हे चाललं. मी सुनंदाला विचारलं.

"तुझ्यावर संशय असेल कसला तरी," ती म्हणाली. "मागे एकीने काकींच्या खुणा असलेलं शेड कार्ड दुसऱ्या दुकानात नेऊन दाखवलं होतं. तिच्याकडे काकींनी असंच महिनाभर बघितलं, आणि मग काढलं."

त्यानंतर मला गॅलरीची धास्तीच बसली. मी कार्ड कुठे नेलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर काहीतरी चोरासारखं दिसत असणार, असं वाटायला लागलं. खोलीवरच्या छोट्या आरशात मी तोंड हलू न द्यायचा सराव करू लागले. ओठ मिटलेले, भुवया खाली, श्वास नाकाने. तसं उभं राहिलं तर माझ्यात बघण्यासारखं त्यांना काही सापडणार नाही, असा माझा हिशेब होता.

मग कंपनीकडून तक्रार आली की आमचा दोरा धुण्यात फिका पडतो. रसायनांच्या कारखान्यात कपडे फार कडक धुतात. तेव्हा दुसऱ्या बनावटीचा, पक्क्या रंगाचा दोरा आणायचा ठरलं. त्याचे आकडे वेगळे, म्हणून निळा पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा होता.

मी कठड्यापाशी उभी राहिले, आणि त्या दिवशी मला ते जमलं. तोंड अगदी दगडी झालं. काकींनी पहिलं रीळ धरलं, बघितलं. दुसरं धरलं. तिसऱ्यानंतर त्या थांबल्या आणि माझ्या अगदी जवळ आल्या, इतक्या की त्यांच्या श्वासाला येणारा लवंगेचा वास मला आला. मी पापणीही हलवली नाही. त्यांनी पुन्हा पहिलं रीळ उचललं. ते खाली ठेवलं, परत घेतलं. मला वाटलं, रागाने.

"हेच," त्या म्हणाल्या. पण 'भर' म्हणायला त्यांनी वेळ घेतला.

ते रीळ चुकीचं होतं. त्यात जांभळं नव्हतंच. स्वच्छ, सपाट, शाळेच्या दप्तराचा निळा. मला ते तिथल्या तिथे दिसलं. मग मी स्वतःला सांगितलं की तीस वर्षं रंग बघणाऱ्या बाईला दिसत नाही आणि मला दिसतं, असं कसं होईल. नवीन दोऱ्याची चमक वेगळी असेल. भरल्यावर जुळेल. चौकोन भरला, तरी जुळला नाही. काकी म्हणाल्या, "चालू करा." मी मशीन चालू केलं. दोन दिवसांत तीनशे खिसे भरून झाले. त्यातला प्रत्येक खिसा फ्रेममधून काढताना मला माहीत होतं, आणि प्रत्येक खिशागणिक सांगणं जास्त अवघड होत गेलं. रात्री जेवण जाईना. सुनंदाने विचारलं तर पोट दुखतंय म्हटलं.

चौथ्या दिवशी खरेदीचे साहेब स्वतः आले, कंपनीचे. चाळिशीचे, नीटनेटके, आवाज मऊ. त्यांच्या हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं, मुंबईच्या ऑफिसने नुकतंच पाठवलेलं. त्यांनी ते कार्डावर टेकवलं, मग आमच्या खिशावर टेकवलं, आणि मोबाईलवर आलेले आकडे काकींपुढे धरले.

"काकी, हा आपला निळा नाही."

काकींनी मोबाईलकडे बघितलं नाही.

"मला काही म्हणायचं नाही," साहेब म्हणाले. "पण पुढच्या आठवड्यात मुंबईहून मोठी माणसं येतायत. सगळे कामगार नव्या कपड्यांत उभे राहणार आहेत. हे खिसे मी शिवायला देऊ शकत नाही. उद्या कंपनीत या, काय करायचं ते बोलू. नाहीतर मला पुण्याला काम द्यावं लागेल."

ते गेले. काकींनी एक खिसा उचलून गॅलरीत नेला. बराच वेळ तो उजेडात धरून उभ्या राहिल्या. मग बाकीच्यांना म्हणाल्या, "घरी जा आज." आणि मला म्हणाल्या, "तू थांब."

बायका जिना उतरून गेल्या. मी कात्रीकडे बघत होते. ती टेबलावर होती. काकींनी ती उचललीच नाही.

"त्या दिवशी तुला दिसलं होतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला तो, "हो."

"मग तोंड का नाय दाखवलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. काकी खुर्चीत बसल्या. त्या बसल्या की एवढ्याशा दिसतात, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "सगळ्यावर चहाचं पाणी सांडल्यासारखं दिसतंय. लाल कळतो, हिरवा कळतो. निळा नि जांभळा मला एकच झालाय. मी दोऱ्याकडं बघतच नव्हते गो. तुझ्याकडं बघत होते. चुकीचं रीळ धरलं की तू आवंढा गिळायचीस. इथं, गळ्यात हलायचं. बरोबर धरलं की खांदे खाली यायचे. या सगळ्यांत तुलाच दिसतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नऊच्या नऊ चुका तू शोधून काढल्यास. सुनंदाला अजून चार सापडायच्यात."

मी खाली फरशीवर बसले. सहा-सात महिने मी ज्या नजरेला घाबरले होते, ती मला काही विचारत होती. राग आलाच. पण रागापेक्षा मोठी भीती वाटली. एवढा वेळ काकी आहेत या भरवशावर मी डोळे मिटून होते, आणि तिथे काकी नव्हत्याच. तिथे मीच होते.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. मला माहीत हाय."

"मग ऑपरेशन का नाही केलं?"

"माझ्या आयशीचं केलं होतं. मी नवाची होते. पट्टी सोडली त्या दिवशी मीच तिच्यासमोर उभी होते, मला बघणार म्हणून. तिला मी दिसले नाय. पुढं मरेपर्यंत नाय." मग त्या म्हणाल्या, "आत्ता मला चहाचं पाणी तरी दिसतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कंपनीत गेलो. फाटकावर मोबाईल ठेवून घेतले, डोक्यावर पिवळी हेल्मेटं दिली. हवेला कुजलेल्या बदामासारखा गोडसर वास होता. आत चालताना एकाएकी भोंगा वाजला आणि काकींनी माझं मनगट गच्च धरलं. पहारेकरी म्हणाला, "रोजचा आहे, तपासणीचा." तरी त्यांनी ते साहेबांच्या खोलीपर्यंत सोडलं नाही. वाटेत मी त्यांना विनवत होते की नवीन दोऱ्याची चूक म्हणून सांगा, माझी चूक म्हणून सांगा. त्या ऐकून घेत होत्या.

खोलीत बसल्याबरोबर काकी म्हणाल्या, "साहेब, मला निळा दिसत नाय. वर्ष झालं. तुमच्यापासून लपवलं."

साहेबांनी हातातलं पेन ठेवलं. "मग एवढे दिवस बरोबर कसं येत होतं?"

"ही बघत होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खणातून त्यांनी कागदाच्या चार निळ्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. "यातली आमची कुठली?"

मला चारही सारख्या दिसल्या. घशात आवंढा आला आणि तो गिळायचीही भीती वाटली, कारण काकी शेजारून बघत होत्या. डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणत होती. मी एक पट्टी उचलली, परत ठेवली. साहेबांचं बोट टेबलावर हळूहळू वाजत होतं. शेवटी मी म्हणाले, "इथे सांगता येणार नाही, साहेब."

"का?"

"इथला उजेड बरोबर नाही. बाहेर जावं लागेल."

तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी साहेबांच्या खोलीला नाव ठेवलंय. आता सगळं संपलं असं वाटलं. पण साहेब उठले, पट्ट्या घेतल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला गेले. आभाळ पांढरं होतं. तिथे त्या चार पट्ट्या चार माणसांसारख्या वेगळ्या झाल्या. मी दुसरीवर बोट ठेवलं. साहेबांनी यंत्र टेकवलं आणि मान हलवली.

"कापड नवीन देतो," ते म्हणाले. "चार दिवस. आणि हे दर वेळी तुम्ही बघायचं." हे शेवटचं माझ्याकडे बघून. मला आजवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

बरोबर रीळ सापडायला पूर्ण सकाळ गेली. जांभळ्याची झाक नवीन दोऱ्यात दोनच आकड्यांत होती आणि दोन्हींत मला चूक दिसत होती. तरी एक ठरवलं. चार दिवसांत खिसे दिले. साहेबांच्या यंत्राने ते पास केले. सुनंदाने सगळ्यांसाठी वडापाव आणले. काकींनी खाल्ला नाही. त्या पुढच्या रंगासाठी मला गॅलरीत बोलावत होत्या.

"मी येणार नाही," मी मशीनवरूनच म्हणाले.

मशीनं थांबली. सुनंदाचा हात वडापावसकट तोंडापाशी राहिला.

"तुम्ही डोळे दाखवल्याशिवाय मी तिथे उभी राहणार नाही. माझं तोंड काय तुमचा चष्मा नाही, काकी."

काकी मला काढतील, आणि संध्याकाळच्या गाडीने मी पोलादपूर, तिथून वर, हे मी मनात पार बघून ठेवलं होतं. काकी गॅलरीतून आत आल्या. टेबलावरची कात्री उचलली आणि खणात ठेवली.

"माझ्याबरोबर कोण येणार?" त्यांनी विचारलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. यजमानही दासगावहून आले होते, पण ते बाहेरच बाकावर बसून राहिले. त्यांना काकींपेक्षा जास्त भीती वाटत होती. आत नेण्याआधी काकी डोळे मिटून ओठ हलवत होत्या. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. कान जवळ नेला तर आकडे ऐकू आले. चारशे बारा, चारशे तेरा, चारशे सतरा. शेड कार्ड म्हणत होत्या, ओळीने, न चुकता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी होते. मुद्दाम नाही, परिचारिकेने मला तिथे उभं केलं होतं. काकींनी आधी डोळा उघडलाच नाही. परिचारिका दोनदा म्हणाली, उघडा काकी. त्यांनी माझा हात चाचपडत शोधला, धरला, आणि मग उघडला. माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या.

"तू एवढी सावळी हायस होय," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रडूही. भिंतीकडे वळून त्यांनी परिचारिकेला विचारलं, "ही भिंत निळी केलीय का?" भिंत पांढरी होती. एक डोळा झाकला की निळसर, दुसरा झाकला की पिवळी, असं त्या घरी जाईपर्यंत करत राहिल्या.

मला वाटलं होतं, आता सगळं ठीक होईल. काकी परत गॅलरीत उभ्या राहतील आणि मी माझ्या मशीनवर. पण काळा चष्मा उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गेल्या काही वर्षांच्या कामांचे नमुने चिकटवलेली वही काढली. गॅलरीत बसून पान न् पान बघितलं, नव्या डोळ्याने. काही पानांना त्यांनी कोपरा दुमडला. मी विचारलं नाही. संध्याकाळी वही बंद करताना त्या म्हणाल्या, "ही माणसं रस्त्यानं फिरतायत. माझं चुकलेलं छातीवर घेऊन."

पुढे कित्येक दिवस त्या बाजारात युनिफॉर्ममधला कुणी दिसला की थांबायच्या. एका माणसाच्या खिशाला हात लावून त्यांनी लोगो उन्हाकडे वळवला. तो बिचारा गोंधळून उभा राहिला. "कधीचा हाय हा?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं झाली, काकी." त्यांनी हात काढून घेतला. म्हणजे त्यांनी मला सांगितलं होतं त्या वर्षाच्याही आधीपासून चुकत होतं. दुसरा डोळा त्यांनी करून घेतला, भीती न दाखवता, पण रंगावरचा विश्वास त्यांचा परत आला नाही. बरोबर रीळ उचलायच्या आणि ठेवून द्यायच्या. पुन्हा उचलायच्या. मी मागे उभी राहून बघायचे आणि मला वाटायचं, यापेक्षा कात्रीवाल्या काकी बऱ्या होत्या.

थंडीच्या सुरुवातीला एका औषधाच्या कंपनीचं काम आलं. मरून रंग, काळपट लाल, त्यात किंचित तपकिरी. सकाळी सव्वादहाला मी कार्ड आणि पाच रिळं घेऊन गॅलरीत गेले. काकी मागे खुर्चीत बसल्या होत्या. तीन रिळं मी बाजूला केली. दोन उरली. ती दोन मी कितीतरी वेळ आलटून पालटून धरली. एकदा हे वाटे, एकदा ते.

"काकी," मी म्हणाले, "हे ना?"

मी वळले. त्यांच्या तोंडावरून काही कळेल म्हणून मी वळले होते, हे त्यांना कळलं असणार. त्या उठल्या, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. गॅलरीतून मला त्या रस्त्यावर दिसल्या. मासळी बाजाराकडे चालल्या होत्या. वर बघितलं नाही.

आत बायका माझी वाट बघत होत्या. मी डावं रीळ खाली ठेवलं. चौकोन भरला, आडवा धरला, उभा धरला. खात्री तरीही झाली नाही. मग सुनंदाला आकडा सांगितला आणि मशीन चालू केलं.

काकी तासाभराने आल्या. पिशवीतून बोंबलांचा वास येत होता. दारातच थांबल्या. माझ्या मशीनवरच्या खिशाकडे, दोऱ्याकडे, कशाकडेच त्यांनी पाहिलं नाही. मान जरा तिरकी करून मशीनचा आवाज ऐकला.

"वरचा दोरा ढिला हाय," त्या म्हणाल्या. "खाली गुंता करील."

मी मशीन थांबवलं आणि दोरा आवळला.